वंशावळीतील रिकामा रकाना

(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यातील महिला सभेत झालेले भाषण)



यंदाच्या मेळाव्यात ‘आजीचे मनोगत’ या विषयावर आम्ही चार शब्द बोलावे, असे कार्यकारी मंडळाने कळविले तेव्हा आम्हांस आनंद झाला आणि थोडे हसूही आले. आनंद याचा की, आजीलाही मनोगत असते ही गोष्ट मंडळाच्या ध्यानात आली. हसू याचे की, साठ वर्षे या ज्ञातीत सून, सासू आणि आजी म्हणून वावरल्यावर ते आम्हांस प्रथमच विचारण्यात आले, आणि तेही पंधरा मिनिटांच्या बोलीवर! आमचे वय अठ्ठ्याहत्तर. वर्षाच्या वाट्याला बारा सेकंदही येत नाहीत, असा हिशेब आमच्या नातीने करून दिला. तेव्हा वेळ थोडा अधिक लागल्यास अध्यक्षबाईंनी घंटा वाजवू नये. आम्हांस डाव्या कानाने तशीही कमीच ऐकू येते.

मंडळाने धाडलेल्या पत्रात कुटुंब, श्रद्धा, वार्धक्य आणि दैनंदिन जीवनातील आनंद, असे चार मुद्दे नमूद केले होते. या चारी गोष्टींवर आम्ही यथामती बोलू. परंतु त्याआधी घरात घडलेली एक हकीकत सांगणे प्राप्त आहे. कारण भाषण लिहावयास बसलो, आणि मन फिरून फिरून तिथेच जाऊ लागले.

आपल्या स्मरणिकेत या वर्षी कुळवार वंशावळी छापावयाच्या ठरल्या. त्यासाठी मंडळाने घरोघरी छापील नमुने पाठविले आहेत. नमुना सुबक आहे. सर्वांत वर मूळ पुरुषाचे नाव, त्याखाली पुत्र, पौत्र, प्रपौत्र, आणि प्रत्येकापुढे ‘पत्नीचे नाव’ असा एक अरुंद रकाना. आमच्या घरचा नमुना भरण्याचे काम नातीकडे आले. ती महाविद्यालयात शिकते. तिने नमुना पाहिला, पट्टी घेतली, आणि कडेच्या मोकळ्या जागेत आपल्या मनाने आणखी दोन रकाने आखले: ‘माहेरचे नाव’ आणि ‘माहेरचे गाव’. मग ती आमच्याजवळ येऊन बसली.

आमचे माहेरचे नाव तिला ठाऊक नव्हते. तिच्या वडिलांनाही नव्हते. १९६५ साली लग्नात तांदळांच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले गेले, आणि तेव्हापासून जुने नाव घेणारी माणसे एकेक करून गेली. शेवटचा भाऊ गेला त्या दिवशी त्या नावाने हाक मारणारे कोणी उरले नाही. नातीने पेन आमच्याच हाती दिले. साठ वर्षांनी ते नाव लिहिताना वेलांटी पहिली की दुसरी, येथे हात अडखळला. अखेर लिहिले. नातीने ते मोठ्याने वाचले, आणि घरातील सर्वांनी आळीपाळीने म्हणून पाहिले. नातू तर दिवसभर त्याच नावाने चिडवीत होता. आम्हांस त्याचा राग आला नाही, हे तो ओळखून होता.

मग नातीने वरच्या ओळीवर बोट ठेवले. ‘‘पणजीचे माहेरचे नाव काय, आजी?’’

आम्ही गप्प बसलो.

भगिनींनो, आम्ही सासूबाईंच्या सहवासात एकोणीस वर्षे काढली. १९६५ पासून त्या १९८४ साली गेल्या तोपर्यंत. एका चुलीवर रांधले, एका हौदावर पाणी भरले. त्यांच्या पायाला पडलेली भेग कोणत्या बोटापाशी होती हेही आम्ही सांगू शकू. त्या निजामाच्या राजवटीत वाढलेल्या. त्यांच्या कनवटीच्या पिशवीत एक हाली रुपया असे. तो चालेनासा झाल्यावरही त्यांनी तो टाकला नाही. शेजारच्या आपांशी त्या हिंदी, उर्दू आणि मराठी यांची खिचडी करून बोलत, आणि दोघींचे सारे एकमेकींना समजे. वर्षाचे महिने त्या चैत्र-वैशाख असे मोजीत. पण शेतसाऱ्याची गोष्ट निघाली की आजूर, दै, बहमन हे फसली महिने त्यांच्या तोंडून सहज येत. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्याच्या आधीच्या धास्तीच्या दिवसांत त्या चार मुले घेऊन सरहद्दीपलीकडे मनमाडच्या बाजूस गेल्या होत्या. चारांतील सर्वांत धाकटे मूल परत आले नाही. एवढे एक वाक्य त्यांनी आम्हांस एकदाच सांगितले, तेही पापड लाटताना. आम्ही पुढे विचारले नाही. विचारावयास हवे होते, की न विचारणेच शहाणपणाचे होते, याचा निवाडा आम्हांस आजही करता आलेला नाही.

आता जी गोष्ट सांगावयाची ती आमच्या चुकीची आहे.

१९६९ च्या उन्हाळ्यातील एक दुपार. सासूबाई खडकेश्वराच्या देवळात पुराणाला गेल्या होत्या. आम्ही घरात एकट्याच, मांडीवर सहा महिन्यांचे मूल. दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात फडक्याचे गाठोडे, हनुवटीवर गोंदण, पाय धुळीने माखलेले. तिने एक नाव घेतले आणि विचारले, ‘‘ती इथंच राहते ना?’’ आम्ही म्हणालो, ‘‘या नावाचे येथे कोणी राहत नाही.’’ तिने तेच नाव पुन्हा घेतले. आम्ही पुन्हा तेच उत्तर दिले. तिला पाणी दिले, एवढे आमचे पुण्य. ती पाणी प्याली, आणखी दोन घरे विचारून पाहते म्हणाली, आणि गुलमंडीच्या दिशेने चालती झाली.

संध्याकाळी आम्ही ही हकीकत सहज बोलता बोलता सांगितली. सासूबाईंच्या हातात भाजी निवडण्याचे सूप होते. ते त्यांनी खाली ठेवले. ‘‘हनुवटीवर गोंदण होतं का?’’ एवढेच विचारले. होते, असे म्हटल्यावर उठून दारापर्यंत गेल्या. रस्त्याकडे पाहत पुष्कळ वेळ उभ्या राहिल्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. ती म्हातारी कोण, हे त्यांनी सांगितले नाही, आणि आम्हांस वर तोंड करून विचारण्याचा धीर झाला नाही. ती पुन्हा कधी आली नाही.

आणि ती जे नाव दोनदा घेऊन गेली, ते नाव आम्हांस आज आठवत नाही.

सासूबाईंचे माहेर पैठणच्या पलीकडे गोदाकाठी होते. तेथे जाऊन विचारावे म्हटले, तर ते गाव आता नाही. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीच्या धरणाचा पाया घातला, १९७६ च्या फेब्रुवारीत इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले, आणि नाथसागराच्या पोटात शंभराच्या आसपास गावे गेली. माणसे ठिकठिकाणी वसविली गेली. धरणाची निंदा आम्ही करीत नाही. त्याच पाण्यावर हे शहर जगते, येथील कारखाने चालतात, आणि आमचा माठही त्याच पाण्याने भरतो. केवळ एवढेच म्हणतो की, सासूबाईंनी १९७६ नंतर ‘माहेर’ हा शब्द उच्चारलेला आम्ही ऐकला नाही. दुष्काळी वर्षी जलाशय आटला की जुन्या देवळांचे ओटे, घरांचे पाये उघडे पडतात म्हणे. त्यांत आपला ओटा कोणता, हे ओळखणारे डोळे मात्र आता मिटले आहेत.

नातीने त्या रकान्यात काहीच लिहिले नाही. एक लहानशी रेघ मारली.

आता कोणी म्हणेल, की जुन्या काळी असेच होते. बाईचे नाव कोण लिहून ठेवी? या म्हणण्याला उत्तर द्यावयास आम्हांस फार लांब जावे लागत नाही. आपल्याच जिल्ह्यात वैजापूर तालुक्यात शिऊर आहे. तेथे संत बहिणाबाईंची समाधी आहे. त्यांचा जन्म १६२८ साली देवगाव रंगारी येथे झाला. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. अगदी लहानपणी शिऊरच्या गंगाधरपंत पाठक या तिशीतल्या बिजवराशी लग्न लावून दिले. मग भाऊबंदकी, कर्ज, घरदार सोडून भटकंती, आणि कोल्हापुरात मुक्काम. तेथे एका वासराचा त्यांना असा लळा लागला की, ते त्यांच्यामागून कीर्तनालाही येई. ते वासरू गेले तेव्हा बहिणाबाई शुद्ध हरपून पडल्या, आणि त्या अवस्थेत त्यांना तुकोबांचे दर्शन झाले. ब्राह्मणाच्या सुनेने कुणब्याला गुरू मानावे हे नवऱ्यास रुचले नाही. त्याने मारहाण केली. पुढे तोच नवरा तिला घेऊन देहूस गेला. मुलगी काशी, मुलगा विठोबा. १७०० साली, बहात्तर वर्षांच्या होऊन, त्या शिऊरास गेल्या.

ही सारी माहिती आपणांस आहे याचे कारण कोणी बखरकार नव्हे. बहिणाबाईंनी ती स्वतः सांगितली. आपले आयुष्य त्यांनी अभंगांत गुंफून ठेवले. अखेरच्या दिवसांत मुलाला जवळ घेऊन आपले मागचे बारा जन्म आणि हा तेरावा त्याला कथन केला. स्त्रीने सांगितलेल्या आत्मचरित्रांत ते फार जुने गणले जाते. १९२९ साली जस्टिन अ‍ॅबट यांनी त्याचे इंग्रजी भाषांतरही प्रसिद्ध केले. बारा जन्मांवर विश्वास ठेवावा की न ठेवावा हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. आम्ही ठेवतो, पण वाद घालणार नाही. आमचे लक्ष निराळ्याच गोष्टीकडे जाते. सव्वातीनशे वर्षांपूर्वी गेलेल्या बाईच्या आईचे नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण लेकीने ते सांगितले. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या डोळ्यांदेखत गेलेल्या सासूबाईंचे स्वतःचे नाव आम्हांस ठाऊक नाही, कारण आम्ही ते विचारले नाही.

येथे आणखी एक विचार मनात येतो. पैठणच्या नाथांची वंशावळ वारकऱ्यांच्या तोंडपाठ असते. भानुदास, त्यांचे चक्रपाणी, त्यांचे सूर्यनारायण, त्यांचे एकनाथ. आईबाप बालपणीच गेल्यामुळे नाथांना आजी-आजोबांनी वाढविले. चक्रपाणी सर्वांस ठाऊक आहेत. आजीचे नाव सरस्वतीबाई, असे चरित्रकार सांगतात. पण या सभेत ते किती जणींस ठाऊक होते? हात वर करू नका, आम्हांसही ते उतारवयातच कळले. पोरके नातवंड पदरात घेतलेल्या त्या म्हातारीने नाथांना काय भरविले, काय गाऊन निजविले, शांती म्हणतात ती त्यांच्यात कोठून आली, हे कोणी लिहून ठेवले नाही. तिसरे उदाहरण तर आपल्या शहराच्या नावातच आहे. संभाजीराजांचा जन्म १६५७ चा. १६५९ मध्ये सईबाई गेल्या तेव्हा ते दोन वर्षांचे होते. त्यांना आजीने, जिजाऊसाहेबांनी वाढविले. २०२३ मध्ये शहरास छत्रपती संभाजीनगर हे नाव मिळाले त्या दिवशी आमच्या मनात आले की, आजीच्या मांडीवर वाढलेल्या एका नातवाचे हे नाव आहे. अर्थात नव्या नावाची सवय आम्हांस अजून पुरती झालेली नाही. एस. टी.त तिकीट मागताना जुनेच तोंडात येते, आणि वाहक हसतो.

एस. टी.चे नाव निघालेच आहे, तर आनंदाच्या मुद्द्याकडे वळू.

आमच्या सध्याच्या आनंदांत पहिला मान एस. टी.चा आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसास राज्य परिवहनाच्या गाडीत तिकीट पडत नाही. २०२३ च्या मार्चपासून सर्वच स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. त्यामुळे नात अर्धी आणि आम्ही फुकट, अशा आम्ही दोघी गेल्या तीन वर्षांत जेवढ्या हिंडलो तेवढ्या उभ्या संसारात हिंडलो नव्हतो. घृष्णेश्वर झाले, खुलताबादचा भद्रा मारुती झाला, शिऊर झाले. गेल्या नाथषष्ठीच्या पुढच्या आठवड्यात, गर्दी ओसरल्यावर, पैठणला गेलो. मुलगा म्हणतो, मोटारीने सोडतो. त्याला आम्ही सांगितले, मोटारीत तुझे गाणे आणि तुझा वेळ, एस. टी.त खिडकी आमची. बायकांच्या ओळखी होतात, कोणाच्या पिशवीत पेरू निघतात, कोणाचे बाळ मांडीवर येते. साठ वर्षांपूर्वी माहेरी जाताना पदरात पाच रुपये बांधून मिळत आणि परतीची तारीख ठरलेली असे. आता कोणी तारीख विचारीत नाही. म्हातारपणाचे हे सुख तरुणपणी कोणी सांगितले असते, तर आम्ही म्हातारपणाला इतके घाबरलो नसतो.

बाकीचे आनंद लहान आहेत. पहाटेचा चहा, तोही घर उठण्यापूर्वी, एकटीने. दुपारी अंगणात बसून मटार सोलणे. सून केस विंचरून देते तेव्हा तिच्या बोटांचा स्पर्श. ती घाईत असते, तरी भांग नीट काढते. गुडघे बोलू लागले की पाऊस येणार, हा अंदाज वेधशाळेच्या आधी सांगणे. मोतीबिंदू काढल्यानंतर आम्हांस पहिल्या दिवशी स्वयंपाकघराच्या भिंती किती काळवंडल्या आहेत ते दिसले, आणि सुनेचा चेहरा किती थकला आहे तेही दिसले. दुसरी गोष्ट दिसावयास डोळ्यांचा दोष आड येत नव्हता, हे आम्ही येथे प्रांजळपणे कबूल करतो. सासूपणाच्या पडद्याला मोतीबिंदूचे वैद्य उपयोगी पडत नाहीत.

जात्यावरच्या ओव्यांची आठवण पुष्कळ वक्त्या काढतात आणि डोळे पुसतात. आम्ही ती निराळ्या तऱ्हेने काढतो. जाते ओढणे हे काव्य नव्हते. पहाटे चारला उठून दोन पायल्या दळताना खांदा भरून येई. गल्लीत पिठाची गिरणी आली त्या दिवशी आम्ही देवापुढे साखर ठेवली होती. परंतु सासूबाईंचे गाणे जात्याबरोबर थांबले, हेही खरे. गिरणीच्या रांगेत उभे राहून कोणी ओवी म्हणत नाही. ओवीत त्या माहेरचे बोलत: भावाचे, गोदावरीचे, वाटेवरच्या चिंचेचे. कदाचित स्वतःचे नावही घेत असतील. आम्ही झोपेच्या गुंगीत जात्याला हात लावून बसलेल्या असू. कान तिकडे नव्हते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी पुढे गावोगाव फिरून महाराष्ट्रातील जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्यांबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव व गाव टिपून ठेवले. ओवी कोणाची, हे विचारण्याची बुद्धी त्यांना झाली. आमच्या घरी ओवी गाणारी रोज पहाटे समोर बसत होती, आणि आम्हांस ती झाली नाही.

श्रद्धेविषयी थोडके बोलतो. कारण या विषयावर अधिक बोलणारी माणसे आम्हांस फारशी आवडत नाहीत. तरुणपणी आमची भक्ती मागण्यांची होती. मुलगा पास होऊ दे, नवऱ्याची बदली रद्द होऊ दे. १९७२ च्या दुष्काळात तर आम्ही देवाकडे केवळ ज्वारी मागितली, आणि मिळाली ती परदेशातून आलेली तांबडी मिलो. ती खाताना सासूबाई म्हणाल्या होत्या, ‘‘देवाला पत्ता सांगताना आपलीच काही चूक झाली असेल.’’ इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडचा तो एकच विनोद आम्हांस शब्दशः आठवतो, आणि आज त्याचेही मोल वाटते. पुढे पुढे मागण्या कमी झाल्या. मधुमेहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर डॉक्टरांनी एकादशी सोडावयास लावली. चाळीस वर्षांचे व्रत मोडले म्हणून आम्ही रडलो. पण पाप लागल्याचा अनुभव आला नाही. उलट घरातील मंडळींचे म्हणणे असे की, एकादशीला होणारी आमची चिडचिड थांबली. आता आम्ही देवळात जातो, खांबाला टेकून बसतो, आणि काही मागत नाही. फक्त एकदा मागितले. गेल्या नाथषष्ठीच्या त्या फेरीत, पैठणच्या घाटावर, गोदामाईला सांगितले, की एवढे एक नाव परत दे. नाथांनी १५९९ साली याच नदीत देह ठेवला. तिच्या पोटात पुष्कळ काही आहे. ती बोलली नाही. नात शेजारी उभी होती. ती म्हणाली, ‘‘आजी, गोंदणवाली आजी कशी दिसत होती, ते तरी सांग.’’ आम्ही सांगू लागलो, आणि बस चुकली.

तेव्हा आता मंडळास आमची विनंती.

सरकारनेही या बाबतीत एक पाऊल टाकले आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाच्या नावापुढे आधी आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव लिहावयाचे, असा महाराष्ट्र शासनाचा निर्णय झाला आहे. अन्नसुरक्षेच्या २०१३ च्या कायद्याने शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील वडील स्त्रीचे नाव येते. शिधापत्रिकेवर जी प्रमुख, ती ज्ञातीच्या वंशावळीत अरुंद रकान्यात, हे बरे दिसत नाही. वंशावळीचा नमुना ज्यांनी तयार केला ते आमच्या पुतण्यासारखे आहेत, आणि त्यांनी मेहनत घेतली आहे. हा दोष त्यांचा नव्हे. जुना नमुना पुढे ठेवून त्यांनी नवा केला, आणि जुना ज्यांनी केला त्यांनी त्याहून जुना पाहिला असेल. तरी छपाईस अद्याप अवधी आहे असे कळते. प्रत्येक स्त्रीपुढे तिचे माहेरचे नाव, माहेरचे गाव आणि तिच्या आईचे नाव, असे तीन रकाने वाढवावेत. पाने वाढतील, खर्च वाढेल. त्यासाठी एका पानाचा खर्च आम्ही देऊ. सासूबाईंची ती हाली रुपयाची पिशवी आमच्याजवळ आहे. रुपया आता चालत नाही, म्हणून चालणारे पैसे देऊ.

कोणी पुरुष मंडळी म्हणतील की, नाव तर आमच्या बायका घेतातच. होय, हळदीकुंकवाला ‘नाव घ्या’ म्हटले की आम्ही घेतो, पण ते त्यांचे घेतो! एवढ्या उखाण्यांत स्वतःचे नाव गुंफण्याची चाल कोणी पाडली नाही. आज सभा संपल्यावर संगीत खुर्ची ठेवली आहे, त्याऐवजी हा खेळ घ्यावा, असे आम्ही महिला शाखेच्या चिटणीसबाईंना सुचविले होते. त्यांनी दोन्ही ठेवले आहेत. आमच्या गुडघ्यांना दुसराच सोयीचा.

एक गोष्ट सुनांना उद्देशून. घरी गेल्यावर सासूला नाव विचारा; पण कागद-पेन घेऊन समोर बसू नका. त्याने म्हातारी माणसे बुजतात, आणि ‘‘आता काय करायचंय त्याचं’’ म्हणतात. सासूबाईही तसेच म्हणाल्या असत्या. काही तरी निवडावयास घ्या, शेंगा किंवा मेथी, आणि हात चालू असताना विचारा. धाकट्या मुलाचे ते एक वाक्य आम्हांस पापड लाटतानाच मिळाले होते. आणि सासू तुमची आवडती नसेल, तरीही विचारा. आम्हीही सासूबाईंच्या फार आवडत्या नव्हतो.

दाराजवळच्या टेबलावर कोऱ्या नमुन्यांचा गठ्ठा आहे. नातीने त्या सर्वांवर कडेचे दोन रकाने पट्टीने आखून आणले आहेत; तिसरा, आईच्या नावाचा, ज्याने त्याने आखावा. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांच्यासाठी आपल्या वसतिगृहातील मुली तेथे बसतील. त्यांना मोठ्याने सांगा, आमच्यासारख्यांना ऐकू जाईल असे. जिचे नाव कोणालाच आठवत नाही, तिच्या जागी रेघ मारावी. जागा भरून काढू नये. आमच्या घरच्या नमुन्यावर सासूबाईंच्या ओळीत रेघ आहे, आणि तिच्याखाली नातीने बारीक अक्षरात एवढे लिहिले आहे: गोदाकाठचे माहेर, मैत्रीण किंवा बहीण, हनुवटीवर गोंदण, १९६९ च्या उन्हाळ्यात भेटावयास आली होती. ज्या घरांची मुळे त्या बुडालेल्या गावांत आहेत, त्यांनी तेवढी ओळ वाचून पाहावी. आपल्या आजीच्या हनुवटीवर गोंदण होते का, ती कधी शहरात मैत्रिणीला शोधावयास गेली होती का, आणि तिने घरी येऊन कोणते नाव सांगितले होते, हे कोणास आठवत असेल, तर आमचा पत्ता चिटणीसबाईंकडे आहे.